मिरवणुकीची वहिवाट आणि रहदारीचा रस्ता
(हैदराबाद शहरातील उत्सवी मिरवणुकांविषयी दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



सन 2023 मध्ये भाद्रपद शुद्ध चतुर्दशी आणि हिजरी कालगणनेतील रबी-उल-अव्वल महिन्याची बारावी तारीख एकाच दिवशी आल्या. तो दिवस 28 सप्टेंबर, गुरुवार. हैदराबाद शहराच्या दृष्टीने या योगायोगाचा अर्थ फार गंभीर होता. अनंत चतुर्दशीला बालापूरच्या गणपतीची मिरवणूक चंद्रायणगुट्टा, फलकनुमा, अलियाबाद या भागांतून चारमिनारवर येते व तेथून मदिना, अफझलगंज, मोअज्जमजाही मार्केट, अबिड्स, बशीरबाग या मार्गाने हुसेन सागरावर जाते. हे अंतर सुमारे एकोणीस किलोमीटरांचे असून वाटेत शेकडो मंडळांच्या मूर्ती या मुख्य प्रवाहात मिळत असतात. दुसऱ्या बाजूस, पैगंबर जयंतीचा मिलाद जुलूस मक्का मशीद व चारमिनार हीच आपली भूमी मानतो. दोन्ही समुदाय एकाच दिवशी, एकाच चौकात, आपापले ध्वज घेऊन उतरले असते तर पोलिसांचा कितीही मोठा बंदोबस्त अपुरा पडला असता, हे सांगण्यास तज्ज्ञाची आवश्यकता नाही.

प्रत्यक्षात तसे घडले नाही. जुलूसाच्या संयोजकांनी विचारविनिमय करून आपली मिरवणूक रविवार, 1 ऑक्टोबर रोजी काढण्याचा निर्णय घेतला. धार्मिक विधी आणि प्रार्थना नेमल्या दिवशीच झाल्या. पुढे गेली ती केवळ रस्त्यावरची मिरवणूक. सन 2024 मध्ये मिलाद 16 सप्टेंबरला व विसर्जन 17 सप्टेंबरला आले, तेव्हा जुलूस 19 सप्टेंबरला निघाला. 2025 मध्ये हे दोन दिवस 5 व 6 सप्टेंबर असे लागून आले आणि जुलूस 14 सप्टेंबरवर गेला. सलग तीन वर्षे हे घडले. वृत्तपत्रांत त्याची नोंद झाली खरी, परंतु दंगलीला जेवढी जागा मिळते तेवढी न झालेल्या दंगलीला कधीच मिळत नाही. म्हणून या घटनेचा थोडा विस्ताराने विचार करणे अगत्याचे आहे.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की असे योग आकस्मिक नसतात. हिजरी महिना चंद्रदर्शनापासून सुरू होतो, त्यामुळे त्याची बारावी तारीख आपल्या शुद्ध त्रयोदशी-चतुर्दशीच्या आसपासच पडते. ज्या वर्षी रबी-उल-अव्वल आणि भाद्रपद हे महिने जुळतात त्या वर्षी मिलाद आणि अनंत चतुर्दशी एका दिवशी किंवा लागोपाठ येणार, हे ठरलेलेच आहे. आपल्या पंचांगात सुमारे बत्तीस-तेहेतीस महिन्यांनी अधिक मास धरला जातो, हिजरी गणनेत तो नाही. म्हणून ही जोडी दोन-तीन वर्षे एकत्र राहते आणि मग सुटते. 2026 साली अधिक ज्येष्ठ असल्यामुळे मिलाद ऑगस्टअखेर आणि विसर्जन 25 सप्टेंबरला, अशी ती सुटली. यापूर्वी हा मेळ 1991-92 च्या सुमारास होता, पुढे तो 2056 च्या आसपास येईल. मोहरमची दहावी तारीख 2016 व 2017 मध्ये विजयादशमीला लागून आली होती आणि 2018 व 2019 मध्ये ती गणेशोत्सवात आली. जिल्हा कचेरीतील एखाद्या लिपिकाने पंचांग व हिजरी दिनदर्शिका शेजारी शेजारी ठेवल्या तर पुढील दहा वर्षांच्या कसोटीच्या तारखा त्याला एका दुपारी काढता येतील. असे असताना अनेक ठिकाणी शांतता समितीची बैठक उत्सवाला आठच दिवस उरले असता का बोलावली जाते, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

आता मार्गाविषयी. मिरवणुकीचा मार्ग ही वरवर पाहता रहदारीची बाब वाटते. तथापि ज्यांनी असे तंटे हाताळले आहेत त्यांना ठाऊक आहे की मार्गाचा प्रश्न हा वहिवाटीचा प्रश्न असतो. शेताच्या बांधावरून जाणारी पायवाट एक वर्ष बंद राहिली तर पुढच्या वर्षी तिच्यावरचा हक्क नाकारला जाईल, अशी धास्ती शेतकऱ्याला असते. मिरवणुकीचेही तसेच आहे. ‘यंदा दुसऱ्या रस्त्याने जा’ असे म्हटले की मंडळाचा कार्यकर्ता ऐकतो ते ‘यापुढे या रस्त्यावर तुमचा हक्क नाही’ असे. उलट पक्षी, नव्या रस्त्याने कोणी निघाले की त्या मोहल्ल्यातील रहिवासी म्हणतात, ‘आज एकदा जाऊ दिले तर कायमचा पायंडा पडेल.’ एकाला वहिवाट तुटण्याचे भय, दुसऱ्याला पायंडा पडण्याचे भय. या दोन भयांच्या मध्ये बंदोबस्तावरचा फौजदार उभा असतो. तारखेचे मात्र असे नाही. तारीख यंदा पुढे गेली म्हणून पुढच्या वर्षी ती कोणी हिरावून घेत नाही. हैदराबादच्या संयोजकांनी नेमकी हीच गोष्ट ओळखली. मार्गावर वाद घालण्याऐवजी त्यांनी दिवसात तडजोड केली आणि मार्ग दोघांचाही राहिला.

हैदराबादचे रस्ते हे मुळातच मिरवणुकांचे रस्ते आहेत. 1591 साली चारमिनार उभारला गेला तो चार राजरस्त्यांच्या चौफुलीवर. त्याच्या उत्तरेस चार कमानींचा चौक करण्यात आला, तो राजाची स्वारी डोळ्यांपुढे ठेवूनच. कुतुबशाहीत सुरू झालेली आणि निजामशाहीतही चालू राहिलेली लंगरची मिरवणूक मोहरमच्या पाचव्या तारखेला निघत असे. हयातबक्षी बेगमेचा मुलगा अब्दुल्ला याला एका मस्त हत्तीने पळवून नेले. तो सुखरूप परतल्यास सोन्याची साखळी हुसैनी आलमला वाहीन असा नवस तिने केला, अशी या मिरवणुकीची कथा सांगितली जाते. पुढे तिला राज्याच्या लष्करी संचलनाचे रूप आले व ती सातव्या निजामाच्या कारकिर्दीत बंद पडली. बीबी का अलम मात्र आजही मोहरमच्या दहाव्या दिवशी डबीरपुऱ्याहून हत्तीवरून निघतो आणि चादरघाटला जातो. आषाढातील बोनालूच्या वेळी हरी बावलीच्या अक्कन्ना-मादन्ना मंदिराचा घटम्‌ही हत्तीवरूनच चारमिनारपुढून मुसी नदीकडे नेतात. नेहरू प्राणिसंग्रहालयातील रजनी नावाची हत्तीण काही वर्षे या दोन्ही मिरवणुकांत चालली आहे. परवानग्यांचे कागद दोन, संयोजक दोन, हत्तीण मात्र एकच! समन्वयाचे याहून ठसठशीत उदाहरण सरकारी कागदांत क्वचितच सापडेल.

या चित्राला दुसरी बाजूही आहे आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. 1978 नंतरच्या दशकात जुन्या शहराने वारंवार संचारबंदी भोगली. 1983 व 1984 साली गणेश विसर्जनाच्या सुमारास शहरात दंगली झाल्या. याच काळात निरनिराळ्या गणपतींच्या मिरवणुका एकत्र येऊन एक मध्यवर्ती मिरवणूक आकारास आली. ती जसजशी मोठी होत गेली तसतसा तिच्या मार्गाला केवळ भक्तीचा नव्हे तर संख्याबळाचाही अर्थ चिकटला. मिलाद जुलूसही अलीकडच्या काळात असाच विस्तारला. रामनवमीची शोभायात्रा सीतारामबागेहून सुलतान बाजारातील हनुमान व्यायामशाळेपर्यंत जाते आणि हनुमान जयंतीची यात्रा गौलीगुड्याहून सिकंदराबादच्या ताडबनपर्यंत. सुलतान बाजार, काचीगुडा, बडी चावडी या भागांत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठी कुटुंबांना या मिरवणुका माहीत आहेत. सज्जातून दर्शन घेणारेही तेच आणि खालच्या गर्दीत अडकून पडणारेही तेच. वाटेतील मशिदी मिरवणुकीपूर्वी कापडाने झाकण्याची पद्धतही येथे रूढ झाली आहे. गुलाल उडू नये व वाद होऊ नये हा तिचा हेतू असतो. तो योग्यच आहे. पण ज्या शहरात शेजाऱ्याचे प्रार्थनास्थळ झाकून ठेवल्याशिवाय उत्सव सुखरूप पार पडत नाही, त्या शहराने या उपायावर कायमचे समाधान मानावे काय, हाही विचार व्हावयास हवा.

कायद्याची भूमिका या बाबतीत फार पूर्वीच स्पष्ट झाली आहे. 1924 साली प्रिव्ही कौन्सिलने मंजूर हसन विरुद्ध महंमद जमान या दाव्यात निवाडा दिला. तंटा औरंगाबादचा होता, मात्र ते मराठवाड्यातील नव्हे तर संयुक्त प्रांतातील औरंगाबाद. वादी-प्रतिवादी दोघेही मुसलमान. शिया पंथीयांच्या मोहरमच्या मिरवणुकीने मशिदीजवळ थांबून मातम करावा की नाही, हा वाद होता आणि आक्षेप घेणारे सुन्नी पंथीय होते. मिरवणुकांचे तंटे केवळ दोन धर्मांतच होतात, हा समज किती अपुरा आहे हे यावरून कळावे. सार्वजनिक रस्त्यावरून आपल्या विधींसह धार्मिक मिरवणूक नेण्याचा हक्क प्रत्येकास आहे, असे न्यायाधीशांनी मानले. तथापि इतर जनतेच्या रस्त्याच्या नेहमीच्या वापरात त्यामुळे अडथळा येता कामा नये आणि दंडाधिकाऱ्यांच्या कायदेशीर आदेशांना हा हक्क अधीन राहील, असेही त्यांनी सांगितले. हैदराबाद शहरात पोलीस आयुक्तांना असे नियमन करण्याचे अधिकार 1348 फसलीच्या शहर पोलीस कायद्याने दिलेले आहेत. महाराष्ट्रात ते 1951 च्या पोलीस अधिनियमाखाली वापरले जातात. एकंदरीत, रस्ता मिरवणुकीचाही आहे आणि वाटसरूचाही. वादाच्या बैठकांत पहिला भाग सर्वांना तोंडपाठ असतो. दुसऱ्याची आठवण सहसा कोणालाच होत नाही.

हा वाटसरू कोण, हे अफझलगंजला उभे राहिल्याखेरीज समजत नाही. जुने शहर मुसीच्या दक्षिणेस आणि नवे शहर उत्तरेस. दोहोंना जोडणारे मध्यभागातील जुने पूल मोजकेच: पुराना पूल, मुस्लिम जंग पूल, नया पूल आणि चादरघाटचा पूल. मिरवणूक नया पुलावर आली की तो पूल दिवसभर बंद राहतो आणि दक्षिणेकडची सारी रहदारी उरलेल्या पुलांवर लोटते. त्या पुलाच्या एका टोकाशी अफझलगंजला उस्मानिया रुग्णालय आहे. तेलंगणाच्या दूरदूरच्या जिल्ह्यांतून, तसेच सीमेपलीकडच्या मराठी व कन्नड मुलखातूनही गरीब रोगी येथे येतात. बस शहराबाहेर अथवा अलीकडच्या थांब्यावर रोखली गेली की रोग्याला खांद्यावर घेऊन चालत येणारे नातलग त्या दिवशी पाहावयास मिळतात. पत्थरगट्टीचा दुकानदार एक दिवस दुकान बंद ठेवू शकतो, त्याची सोय असते. त्याच्या फळीखाली बसणाऱ्या फळविक्रेत्याची ती नसते. महानगर मेट्रो त्या दिवशी मध्यरात्रीनंतरही चालविली जाते, त्याने नव्या शहराला मोठा दिलासा मिळतो, परंतु चारमिनारपर्यंत मेट्रो पोहोचलेली नाही. हे सारे लोक कोणत्याही मंडळाचे वा समितीचे प्रतिनिधी नसतात. त्यामुळे शांतता समितीच्या बैठकीत त्यांच्यासाठी खुर्ची नसते.

आणि येथे रहदारीच्या शास्त्रातील एक साधी गोष्ट सांगितली पाहिजे. रस्ता अडतो तो मिरवणूक चालल्यामुळे नव्हे, थांबल्यामुळे. समजा, एका चौकातून दोनशे मालमोटारी जावयाच्या आहेत आणि प्रत्येक मंडळाने त्या चौकात नाचण्यासाठी पाचच मिनिटे घेतली, तर केवळ त्या थांबण्याचे सोळा तासांहून अधिक होतात. पुणे शहरात विसर्जन मिरवणूक अठ्ठावीस तासांवर का जाते, याचे उत्तर याच गणितात आहे. लक्ष्मी रस्त्याची लांबी काही वाढलेली नाही! म्हणून मार्ग बदलण्याच्या कडू वादात शिरण्याआधी चौकातील थांबे, निघण्याची वेळ, दोन मूर्तींमधील अंतर आणि रुग्णवाहिकेसाठी मोकळी पट्टी यांवर बोलणे कितीतरी फलदायी ठरते. यात कोणाची वहिवाट तुटत नाही. हैदराबाद पोलिसांनी ऑक्टोबर 2024 मध्ये सर्व धर्मांच्या मिरवणुकांत डीजेच्या ध्वनियंत्रणेस बंदी केली, तिचा लाभ कानांना होतोच. पण वाजंत्रीचा मोठा गाडा गेला म्हणजे त्याच्यापुढचा थांबाही आखडतो. बंदी सर्वांना सारखी होती, हेही तिच्या स्वीकाराचे एक कारण म्हणता येईल.

महाराष्ट्राने मार्गाच्या हट्टाची किंमत फार मोठी मोजलेली आहे. 7 मे 1970 रोजी भिवंडी येथे शिवजयंतीच्या मिरवणुकीतून दंगल उसळली आणि तिची झळ जळगाव व महाडपर्यंत पोहोचली. न्यायमूर्ती मादन आयोगाने तिची चौकशी केली. 1984 मध्ये भिवंडी पुन्हा पेटली. त्यानंतर 1988 पासून पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांच्या पुढाकाराने तेथे मोहल्ला समित्या स्थापन झाल्या. या समित्यांत पुढाऱ्यांपेक्षा यंत्रमाग कामगार, दुकानदार, रिक्षाचालक असे गल्लीतले लोक घेतले होते आणि त्यांच्या बैठका सणाची वाट न पाहता वर्षभर होत. नळाच्या पाण्याचे भांडण असो वा उकिरड्याचे, पोलीस शिपायासमोर दोन्ही बाजू एकाच सतरंजीवर बसत. डिसेंबर 1992 व जानेवारी 1993 मध्ये मुंबई जळत असताना काही मैलांवरची भिवंडी शांत राहिली. एकमेकांना नावाने ओळखणाऱ्या माणसांत मार्गाचा वाद होत नाही असे नाही. पण तो निदान बोलून होतो.

ज्यांनी मार्ग हीच एकमेव प्रतिष्ठा मानली त्यांचे काय झाले, हे उत्तर आयर्लंडमध्ये दिसते. पोर्टाडाउन गावात ऑरेंज ऑर्डर या प्रॉटेस्टंट संघटनेचे संचलन 1807 पासून ड्रमक्री येथील चर्चकडे जाते. परतीच्या वाटेवरील गार्व्हागी रोड ही कॅथलिकांची वस्ती. 1995 पासून तेथे दरवर्षी संघर्ष पेटू लागला, सैन्य आणावे लागले, माणसे मेली. 1998 च्या कायद्यान्वये मिरवणुकांसाठी स्वतंत्र आयोगच नेमण्यात आला आणि त्या वर्षापासून त्या रस्त्याची परवानगी नाकारली गेली. एका बाजूने कधी सोडले नाही, दुसऱ्या बाजूने कधी दिले नाही. आयोगाच्या आदेशाने शांतता आली, परंतु समेट झाला नाही. याउलट बेलफास्टच्या आर्डोइन भागातला असाच वाद 2016 साली स्थानिकांनी आपसांत बोलून मिटविला. संचलनाने एकदा त्या रस्त्याने जाऊन आपली वाट पूर्ण केली आणि पुढे संध्याकाळच्या परतीचा तो मार्ग सोडला. हक्क मान्य झाल्यावर तो न वापरणे माणसाला जड जात नाही, असे यावरून दिसते.

हैदराबादकडे पुन्हा वळताना एक अवघड मुद्दा टाळता येत नाही. तीनही वर्षी माघार घेतली ती एकाच बाजूने. त्याला व्यावहारिक कारण आहे: मूर्तीचे विसर्जन तिथीला बांधलेले, जुलूस तसा नाही. हे कारण खरे आहे. मुंबईतही खिलाफत समितीने 2023 मध्ये आपला जुलूस 29 सप्टेंबरला नेला आणि महाराष्ट्र शासनाने ईद-ए-मिलादची सुट्टी त्या दिवसावर हलविली. 2024 मध्ये मुंबई शहर व उपनगरांसाठी ती 18 सप्टेंबरला देण्यात आली. त्याच 2023 च्या 29 जूनला आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकत्र आल्या तेव्हा राज्यातील अनेक गावांतील मुसलमान बांधवांनी त्या दिवशी कुर्बानी न करण्याचे ठरविले. हे निर्णय कौतुकास्पद आहेतच, पण केवळ कौतुकावर भागत नाही. सतत देणाऱ्याच्या मनात एक हिशेब तयार होत असतो. तो कडवट होऊ नये यासाठी घेणाऱ्यानेही काही द्यावयाचे असते, आणि ते देण्याजोगे पुष्कळ आहे: मशिदीसमोर न थांबता पुढे जाणे, नमाजाच्या वेळी वाद्ये बंद ठेवणे, जुलूसाच्या दिवशी आपल्या मंडळाच्या मांडवाचे खांब रस्त्यातून आधीच काढणे, सरबताच्या टेबलावर दोन तास उभे राहणे. शासनाने सुट्टीची तारीख बदलली, म्हणजे शासनाचा वाटा झाला. मंडळांचा वाटा मंडळांनाच उचलावा लागेल.

विसर्जनाची गर्दी मुळातच विभागण्याचे उपायही हैदराबादेत चालू आहेत. महापालिकेने वस्त्यावस्त्यांतून लहान कुंडे बांधली आहेत. उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2021 मध्ये हुसेन सागरात प्लॅस्टर ऑफ पॅरिसच्या मूर्ती विसर्जित करण्यास मनाई केली आणि त्या वर्षापुरती सर्वोच्च न्यायालयाने अखेरची मुभा दिली, तेव्हापासून या कुंडांचे महत्त्व वाढले. ज्या मंडळाची मूर्ती आपल्याच वस्तीत विसर्जित होते ते नया पुलावर येतच नाही. खैरताबादची उत्तुंग मूर्ती तलावापासून जवळच असते आणि बहुधा दुपारपर्यंत तिचे विसर्जन उरकते; सबंध दिवसाची अडचण होते ती लांबून येणाऱ्या मध्यम मूर्तींच्या रांगेमुळे. तेव्हा मार्गाच्या बैठकीत बसणाऱ्या अधिकाऱ्याने केवळ मुख्य मिरवणुकीचा नकाशा पुढ्यात घेऊ नये. कोणत्या वस्तीतून किती मूर्ती निघतात आणि त्यांना जवळचे कुंड कोणते, ही यादी त्याच्याजवळ असावी. अफझलगंजच्या रुग्णालयाचा एक डॉक्टर, बस आगाराचा एक व्यवस्थापक आणि पत्थरगट्टीच्या हातगाडीवाल्यांपैकी एक जण, अशा तीन माणसांनाही त्या बैठकीचे बोलावणे जावे.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नया पुलावर सफाई कामगार फुले, गुलाल आणि फुटलेल्या नारळांचे ढीग गोळा करीत असतात. दुपारपर्यंत कठडे निघतात, अफझलगंजच्या थांब्यावर बस पुन्हा येऊ लागतात आणि रुग्णालयाच्या दाराशी आदल्या दिवशी न पोहोचलेल्या रोग्यांची रांग लागते.